भुंग्याचं ताट आणि निळे हात

एका राज्यात, सूर्य उगवून सहा घटका आणि तीन पळं झाली असताना, एका कुत्र्यानं भरल्या ताटाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. सगळं तिथून सुरू झालं.

कुत्र्याचं नाव भुंगा. काळा कुळकुळीत, छातीला रुंद, कानांनी लोंबता. राजा अरिंदमाच्या तान्ह्या राजपुत्राच्या पाळण्याखाली तो निजायचा. माशी जरी पाळण्यावर बसली तरी भुंगा उठायचा.

"खात का नाही हा?" राणी केतकी म्हणाली. राजपुत्र सुकेतू तिच्या मांडीवर होता. "काल तर ताट चाटून पुसून ठेवलं होतं."

ती एवढं बोलते न बोलते तोच दाई येसू किंचाळली.

राजपुत्राची सावली समोरच्या भिंतीवर पडली होती. ती एका बोटानं आखूड झाली. कात्रीनं कापडाची चिंधी कापावी तशी एक काळी पट्टी सुटली, भिंतीवरून खाली उतरली, फरशीवरून सरपटत उंबऱ्यापाशी गेली आणि उंबरा ओलांडून नाहीशी झाली.

मग सगळ्यांना एकदमच आदल्या दिवसाची आठवण झाली.

आदल्या दिवशी राजपुत्राचं उष्टावण होतं. त्या राज्यात आग्रहाचा कायदा होता. जेवणारा तीनदा 'पुरे' म्हणाल्याशिवाय वाढप्यानं पुढे सरकायचं नाही, आणि तिसऱ्यांदा 'पुरे' म्हणाला की वर आणखी एकदा वाढायचंच. न वाढेल त्याला मायाळू कोण म्हणेल? त्या पंगतीत मांत्रिक भस्मकेशही बसला होता. मूठभर भात खाऊन त्यानं पानावर हात आडवा धरला.

"पुरे, राणी."

"असं कसं? माझ्या लेकराच्या उष्टावणाचं आहे. नाही म्हणायचं नाही."

"पुरे."

राणी हसली, आणि कढत तुपाची धार तिनं तशीच सोडली. तूप मांत्रिकाच्या हातावर पडलं. टरारून फोड आला. भस्मकेशानं फोडाकडे पाहिलं, राणीकडे पाहिलं, आणि तो उठला.

"ज्या घरात 'पुरे' ऐकू येत नाही, त्या घरात एक तोंड असं निघेल की 'आणखी' म्हणणार नाही. पाळण्याखालचं ते कुत्रं सकाळचं ताट ज्या ज्या दिवशी टाकील, त्या त्या दिवशी तुझ्या लेकराच्या सावलीतलं एक बोट माझं. सावली संपली की लेकरू संपलं."

"उतारा?" राजानं विचारलं.

"ज्या घरात 'पुरे' ऐकलं जाईल, त्या घरात माझ्या शापाला जागा नाही."

तो गेला आणि पंगतीत हशा पिकला. कुत्रं म्हणे ताट टाकील! सूर्य पश्चिमेला उगवेल एक वेळ!

आणि आता बघा. राणीनं बोटं टेकवून सावली मोजली. काल अठरा बोटं होती. आज सतरा.

त्या दिवसापासून राजवाड्यात एकच धंदा उरला. मुख्य आचारी गोंदाजी रोज सकाळी त्याच घटकेला चांदीचं ताट घेऊन यायचा. कधी केशरी भात, कधी तुपात परतलेलं हरणाचं मांस, कधी सायीत कालवलेली पोळी. राजा म्हणे, खा रे राजा. दाई म्हणे, खा रे सोन्या. सेनापती गुडघ्यावर बसून म्हणे, खा, ही आज्ञा आहे. वीस माणसं वीस बाजूंनी त्याच्या तोंडाकडे टक लावून बसायची. भुंगा ताट हुंगायचा, माणसांकडे बघायचा, आणि शेपटी पायात घालून पाळण्याखाली शिरायचा.

"बत्तीस वर्षं राजघराण्याला जेवू घातलं," गोंदाजी कपाळावर हात मारून घ्यायचा, "कुणी कधी नाव ठेवलं नाही. आणि हा चार पायांचा मला स्वयंपाक शिकवतोय!"

कुत्र्याचे हातपाय सुकले, डोळे विझले, पोट तेवढं ढोलासारखं टम्म. तेराव्या दिवशी राणीनं भिंतीवर बोटं टेकवली. पाच. फक्त पाच. लेकराला छातीशी धरून तिनं विचारलं, "येसू, काय करू गं मी?"

"बाईसाहेब, उत्तरेच्या रानात बेहड्याचं झाड आहे. त्याच्या ढोलीत धनेशीण अंडी उबवतेय. ढोलीचं तोंड तिनं आतून लिंपून घेतलंय. नर फटीतून भरवतो तेवढंच खाते. घासाचं सगळं शहाणपण तिच्यापाशी."

राणी एकटीच निघाली. झाड सापडलं. ढोलीच्या फटीतून पिवळी चोच बाहेर आली आणि माणसासारखी बोलली.

"रडू नकोस, पोरी. मांत्रिकानं सावलीला शाप दिला. कुत्र्याची भूक त्यानं नेलेली नाही."

राणी दचकली. "मग कुणी नेली?"

"ते तूच शोध. तीन कामं आहेत. पहिलं काम. कुत्र्याच्या तोंडात बेचाळीस रत्नांचा खजिना आहे. त्यावर कुणी चोर बसलाय का बघून ये."

चौदाव्या दिवशी भुंग्यानं ताट टाकलं आणि सावली चार बोटं झाली. राणीनं वैद्याला बोलावलं, भुंग्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि हळूच त्याचा जबडा उघडला. एक, दोन, तीन, असे बेचाळीस दात. मागच्या दोन दाढांच्या मधे सुक्या खोबऱ्याचा तुकडा पाचरीसारखा रुतला होता. हिरडी लाल होऊन सुजली होती. चावायला गेलं की कळ येत असणार मस्तकात! तेरा दिवस सगळे त्याला खा खा म्हणत होते, आणि एकानंही त्याचं तोंड उघडून पाहिलं नव्हतं.

वैद्यानं चिमट्यानं तुकडा काढला. भुंग्यानं राणीचा हात चाटला. पण ताट पुढे केलं तर पुन्हा मान वळवली.

"खोबरं?" राणी पुटपुटली. "त्याच्या ताटात खोबरं कुणी घातलं?"

"ताटात? देवाशपथ नाही," गोंदाजी म्हणाला.

राणी पुन्हा रानात गेली. धनेशिणीनं फटीतून आपलं एक पीस खाली टाकलं.

"दुसरं काम. हे पीस त्याच्या पाठीवरून फिरव. ताटाबाहेर ज्यांनी ज्यांनी त्याला घास दिला, त्यांचे हात निळे होतील. सगळ्यांना एका जागी बोलाव, म्हणजे भुकेचा चोर सापडेल. बघ हां, घाबरशील."

पंधराव्या दिवशी ताट परत गेलं, तीन बोटं उरली. राणीनं सगळा राजवाडा दरबारात उभा केला. मधोमध भुंगा. पीस त्याच्या मानेपासून शेपटीपर्यंत फिरलं.

"आई गं!" दाई येसूनं आपले हात पदराखाली लपवले. मनगटापर्यंत निळे. "बाईसाहेब, एवढासा खोबऱ्याचा तुकडा हो. उपाशी जीव बघवेना."

पहारेकऱ्याचे हात निळे. फुलं आणणाऱ्या माळिणीचे निळे. सेनापतीनं हात पाठीमागे घेतले, तर त्याच्या मिशीलाही निळा डाग. तोंडातला घास काढून दिला होता त्यानं. गोंदाजीचा हात कोपरापर्यंत निळा.

"अनारशाचा चुरा," तो खाली बघत म्हणाला. "स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसायचा. माझं ताट खात नाही, निदान हे तरी खाऊ दे, म्हटलं."

राणीचा संताप मस्तकात गेला. "महाराज, ही माणसं बघा! माझ्या लेकराच्या जिवावर उठली!"

राजानं मुठी उघडल्या. दोन्ही तळवे आभाळासारखे निळे.

"रोज सकाळी चार मनुका," तो म्हणाला. "फक्त चारच."

वरच्या कमानीवरून धनेशिणीच्या नराचा आवाज आला, "मनुका कुत्र्याला विष आहे, राजा! मेला नाही हे नशीब समज."

राजा मटकन खाली बसला. आणि मग दरबारातली सगळी माणसं एकेक करून राणीकडे बघू लागली.

"काय झालं? माझ्याकडे काय बघता?"

"बाईसाहेब," येसू रडत म्हणाली, "तुमचे हात."

राणीनं पाहिलं. तिचे हात बोटांच्या टोकांपासून खांद्यापर्यंत निळे होते. दरबारात तेवढं निळं कुणीच नव्हतं.

पाळणा हलवताना एक शंकरपाळं. बाळाला भरवताना खिमटीचं बोट. ताट परत गेलं की पेढा. डोळे पुसता पुसता आणखी एक पेढा. हात आपसूक जायचा, तिला कळायचंही नाही. आणि उष्टावणाच्या दिवशी? पंगतीतल्या दोनशे पानांवरून दोनशे घास त्याला गेले होते, शाप खोटा पाडायचा म्हणून! दुसऱ्या दिवशी सकाळी तो ताट टाकणार नाही तर काय करील?

ती चालत कशी गेली ते तिचं तिला ठाऊक नाही, पण संध्याकाळी ती बेहड्याखाली उभी होती.

"चोर सापडला," ती म्हणाली. "मीच."

"मग तिसरं काम तूच करशील," चोच म्हणाली. "सगळ्यात अवघड आहे. सकाळी राजानं त्याला रानात पळवून आणावं. त्याच्या घटकेला एकच साधं जेवण ठेव, हाताला सोसेल इतकं कोमट, म्हणजे वास उठेल. जागा शांत पाहिजे. ताट ठेवलं की पाठ फिरव. खा म्हणू नकोस, बघू नकोस. घटिकापात्र अर्धं भरलं की ताट उचल. पाणी असू दे. दुसऱ्या दिवशीच्या त्याच घटकेपर्यंत राज्यातल्या एकाही हातानं त्याला काही द्यायचं नाही."

"आणि नाही खाल्लं तर? तीनच बोटं राहिलीत!"

"म्हणून तर अवघड. आणि ऐक, हे धडधाकट कुत्र्याचं औषध आहे. पिल्लाला, म्हाताऱ्याला, आजाऱ्याला असं उपाशी ठेवायचं नाही. तुझ्या कुत्र्याला वैद्यानं तपासलंय, म्हणून सांगते."

सोळावा दिवस. बाजरीची भाकरी मटणाच्या अळणी रश्श्यात कुस्करून मातीच्या परळात घातली. राणीनं परळ ठेवला आणि पाठ फिरवली. मागून हुंगल्याचा आवाज आला. मग पावलं लांब गेली. पात्र अर्धं भरलं. तिनं परळ उचलला. भिंतीवरून एक पट्टी सरपटत गेली. दोन बोटं.

त्या दिवशी भुंगा दारोदार फिरला. येसूसमोर बसून पुढचा पाय उचलून मागत राहिला. येसूनं तोंडात पदर कोंबला, पण हात बाहेर काढला नाही. गोंदाजीनं स्वयंपाकघराला आतून कडी लावली आणि आत बसून रडला.

सतरावा दिवस. भुंगा आला, एकदा जीभ लावली, आणि दाराकडे बघत बसला. अजून कुणीतरी पेढा आणील, ही आशा. परळ उचलला. पट्टी गेली. एक बोट.

राजा ओरडला, "पुरे झालं हे! त्या पाखराच्या नादी लागून पोर घालवतेस? भरवा त्याला! जबडा उघडून भरवा!"

"महाराज," राणी म्हणाली. ती जागची हलली नाही. "पंधरा दिवस मायेनं भरवलं, त्यात पंधरा बोटं गेली. एक दिवस माझं ऐका."

अठरावा दिवस उजाडला. राजा भुंग्याला रानात घेऊन गेला. ससा दिसला, ओढा लागला, दोघंही धापा टाकत, चिखलानं माखून परत आले. सहा घटका आणि तीन पळं झाली. राणीनं परळ ठेवला. पाठ फिरवली. मांडीवर लेकरू, समोर भिंत, भिंतीवर नखाएवढी सावली.

पात्रात पाणी चढत होतं. मागे काहीच आवाज नाही.

मग आला. लप, लप, लप. मग भाकरी चघळल्याचा. मग रिकाम्या परळावर जीभ घासल्याचा.

दरवाजाआड दाटीवाटीनं उभा असलेला राजवाडा आत घुसला. "खाल्लं! सगळं खाल्लं!" राजाला आनंद आवरेना. त्यानं गोंदाजीच्या हातातलं कढत रश्श्याचं भांडं घेतलं. "आणखी वाढा त्याला! खा रे माझ्या वाघा, आणखी खा!"

भुंग्यानं मान वळवली. तेवढंच. पोट भरलं होतं.

सगळ्यांनी भांडं पाहिलं. ती वळलेली मान राणीनं पाहिली. लेकरू येसूच्या हाती देऊन तिनं झेप घेतली आणि परळावर आपला हात आडवा धरला. रश्श्याची धार तिच्या हातावर पडली. टरारून फोड आला.

"पुरे, महाराज," ती म्हणाली. "तो पुरे म्हणतोय."

राजानं तिच्या हाताकडे पाहिलं. तसाच हात, तसाच फोड त्यानं एकदा पाहिला होता. त्यानं भांडं खाली ठेवलं.

त्याच पळाला उंबऱ्यापाशी सळसळ झाली. सतरा काळ्या पट्ट्या एकामागून एक घरात शिरल्या, फरशीवरून सरपटत आल्या, भिंतीवर चढल्या आणि राजपुत्राच्या सावलीला चिकटल्या. अठरा बोटं. राणीनं तीनदा मोजली. सुकेतू खदखदून हसला. सगळ्यांच्या हातांचा निळा रंग धुतल्यासारखा उतरला.

पुढच्या पंगतीला भस्मकेश आला. वाटीभर ताक प्याला आणि म्हणाला, "पुरे." राणीनं पळी खाली ठेवली. तो तृप्त होऊन उठला, आणि जाताना त्यानं राणीच्या हातावरच्या डागाला नमस्कार केला. आग्रहाचा कायदा त्या दिवशी मोडला. भुंगा रोज त्याच घटकेला जेवतो, पाळण्याखाली निजतो, आणि खोबरं दिसलं की तोंड फिरवतो.

तर बायांनो, बाबांनो, ही गोष्ट तुमच्यापाशी ठेवू नका. ज्याच्या दारातलं कुत्रं जेवत नाही, त्याला जाऊन सांगा: आधी त्याचे दात बघ, मग आपले हात बघ, मग ताट ठेवून पाठ फिरव. तो पुढच्या दाराला सांगेल. सांगत जा, सांगत जा. कुठल्या घरात कुणाच्या सावलीचं शेवटचं बोट उरलंय, आपल्याला काय माहीत?