'पयस्विनी'चा इतिहास

"मग उद्या काय करू, महाराज? ती ओळ वाचू की गाळू?"

काशीगिरी गोसावी मठाच्या पायरीवर गुडघे चोळत बसले होते. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही.

"कसली ओळ?"

कॅप्टन दामोदर सारंगांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. त्यांचं जहाज 'पयस्विनी' उद्या नौदलातून निवृत्त होणार होतं. भर समुद्रात युद्धनौकांना तेल आणि पाणी पुरवणारं ते साधं रसदजहाज. जन्मात कधी तोफ डागली नाही, म्हणून कुणी त्याला विचारलंही नाही. निरोपाच्या समारंभात त्याच्या सेवेचा इतिहास सारंग वाचणार होते, आणि त्यातला नेमका एक प्रसंग गाळा, असं वरून सांगणं आलं होतं.

"वादळातली, महाराज. शेजारून युद्धनौका चालली होती, मधे तेलाची नळी. लाटा त्यांच्या डेकवर चढल्या. त्यांचा कप्तान हुद्द्यानं माझ्याहून मोठा. दिशा बदल म्हणाला. मी बदलली नाही."

"का?"

"देणाऱ्या जहाजानं सरळ जायचं, घेणाऱ्यानं त्याच्याशी जुळवून घ्यायचं, हाच रिवाज. मी वळलो असतो तर दोन्ही जहाजं एकमेकांवर आदळली असती. ते टाकी भरून सुखरूप घरी गेले... आणि उद्धट म्हणून ताशेरे माझ्यावर."

"तो कप्तान कुठे असतो आता?"

"उद्या प्रमुख पाहुणा आहे."

गोसावी गालातल्या गालात हसले.

"मग गाळून टाक. जहाज तरी कुठे राहणार आहे? भंगारातच जायचंय."

"त्या रात्री डेकवर उभी होती ती माझी माणसं समोर बसणार आहेत. त्यांच्या देखत गाळू?"

"मग मला विचारायला कशाला आलास?"

खरं सांगायचं तर सारंग घाबरले होते. मोठ्या माणसाशी वैर नको, म्हणून घरचे कालपासून कानीकपाळी ओरडत होते.

"तो तांब्या घे," गोसावी म्हणाले. "पाणी घाल मला."

त्यांनी ओंजळ तोंडाशी धरली. सारंगांनी वरून धार सोडली. दोन घोट झाले न झाले तोच गोसाव्यांनी ओंजळ डावीकडे नेली.

सारंगांचा हात हलला नाही. पाणी पायरीवर सांडू लागलं.

"अरे, इकडे घाल."

"ओंजळ धारेखाली आणा, महाराज."

आपण हे कुणाला बोललो, ते सारंगांना बोलल्यावर कळलं. तरी हात तिथेच राहिला.

"मी गुरू आहे तुझा."

"आहात... ओंजळ धारेखाली आणा."

तांब्या हलका होत चालला होता.

मग गोसाव्यांनी मुकाट्यानं ओंजळ धारेखाली आणली आणि उरलेलं पाणी प्याले. उपरण्यानं दाढी पुसली.

"काय करणार?" ते म्हणाले. "तहान मला लागली होती."