पाणवठ्याच्या वाटेवरचा खड्डा

जंगलात माणसाचं पाऊल पडलं नव्हतं, त्या काळी एका साळिंदराने कंदासाठी पाणवठ्याच्या वाटेवर खोल खड्डा उकरला आणि कंद खाऊन ते निघून गेलं. सकाळी पाण्याला निघालेली भेकरी त्यात पडली. तिचा पाय मोडला. तिचं पाडस अजून दुधावर होतं.

वाढत्या पिल्लांना शिकवणारी म्हातारी अस्वलीण सगळ्यांना घेऊन तिथे आली. साळिंदर येरझाऱ्या घालत होतं.

"मी तिला ढकललं नाही," ते म्हणालं. "तिच्याशी माझं वैरही नाही."

"खरं आहे," अस्वलीण म्हणाली. "पण या वाटेने सगळे जातात, हे तुला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग खड्डा बुजवायला किती वेळ लागला असता?"

साळिंदराने बाजूच्या मातीच्या ढिगाकडे पाहिलं.

"याचे काटे उपटून टाका," लांडग्याचं पिल्लू म्हणालं.

"त्याने भेकरीचं पोट भरेल का?" अस्वलिणीने विचारलं. "मुद्दाम केलं नसलं, तरी नुकसान याच्या हलगर्जीपणामुळे झालंय. ती चालू लागेपर्यंत तिचा चारा यानेच आणायचा."

पहिले दोन दिवस भेकरीने चाऱ्याला तोंड लावलं नाही. साळिंदर बिळात जाई, पण त्याचा डोळा लागत नसे. सारखं उठून ते तिला दुरून पाहून येई.

तिसऱ्या दिवशी भेकरीने चारा संपवला आणि ती मान न वळवता म्हणाली, "उद्या जरा कोवळा आण."

त्या दिवशी साळिंदराला झोप लागली.