शंभर भोकांचं वारूळ

लई वर्सांमागं एका बांधावर मुंग्यांचं वारूळ हुतं. भोकं शंभर, पन एक सोडून बाकीची नुसती वाऱ्याला. बाहेरचा निरोप घेनारी म्हातारी मुंगी एकाच भोकापाशी बसायची.

पाटाचं पानी सुटलेलं बघून सरडा पळत आला. दिसंल त्या भोकात वरडला, "अगं बहिऱ्यांनो, पानी आलं! अंडी उचला!" आतनं हूं नाय का चूं नाय. "मरा मग!" म्हनून वळला, आन् थबकला. एकाच भोकाची कड येनाऱ्या-जानाऱ्या पायांनी गुळगुळीत झाली हुती.

तिथं तोंड लावलं. "म्हातारे, पानी!"

"आयकलं रं लेकरा."

घडीभरात अंडी घेऊन रांग बाभळीवर चढली. मागनं पानी घुसलं, तवा वारूळ रिकामं हुतं. सरड्याचा जीव भांड्यात पडला.

तवापासनं तो आधी मान वर-खाली करून नीट बघतो, मगच तोंड उघडतो.