मंडईतली पहिली मागणी

वीसेक वर्षं वस्त्यावस्त्यांतून बचत गट उभे करणाऱ्या शेवंता वाघचौरे एकदाच्या नगरसेविका झाल्या. पहिल्याच सभेत त्यांनी मंडईत बायकांसाठी स्वच्छतागृह मागितलं.

नगराध्यक्ष रावसाहेब हंबीरे खुर्चीत रेलून म्हणाले, "बाई, मागणी कुठाय? भाजीवाल्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसतात, कधी एकीनं तक्रार केली? बायकांना सवय असते!"

सभागृह खो खो हसलं. निर्लज्ज मेले!

"मग स्वतः येऊन विचारा," शेवंताबाई एवढंच म्हणाल्या.

बाजाराच्या दिवशी रावसाहेब लवाजम्यासकट आले. बायकांनी ओवाळलं आणि पाहुणचार सुरू झाला. एकीनं ताक दिलं, दुसरीनं उसाचा रस, तिसरीनं कलिंगड, वर चहा. मतदारांना नाही कसं म्हणणार? रावसाहेब पीत गेले.

भाषणं रंगली तसा त्यांचा चेहरा ओढला. शेवटी उठून ते मंडईमागच्या भिंतीकडे धावले. गावातले पुरुष तिथंच जायचे. बघतात तर काय, या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंतीला पाठ लावून भाजीवाल्या बसलेल्या! रावसाहेब जागीच थिजले.

"शेवंताबाई," ते कसेबसे पुटपुटले, "इथं सोय कुठाय हो?"

मागोमाग आलेल्या शेवंताबाईंनी हातातला माइक त्यांच्या तोंडासमोर धरला.

"एवढंच जरा मोठ्यानं बोला साहेब, म्हणजे मागणी झाली. बोलायचं नसेल, तर बसा संध्याकाळपर्यंत. सवय होते."