ग्रहणाची वेळ

गरोदर बाईने ग्रहण पाहायचं नाही, आणि का, असं विचारायचं नाही. टेंब्यांच्या घरातला हा नियम. त्यांची सून ऋता वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ होती आणि तिला सातवा महिना होता. उद्याच्या सूर्यग्रहणात मुख्य दुर्बिणीवरचं काम तिच्याकडे होतं. त्यासाठी तिने चार वर्षं तयारी केली होती.

चुलतसासरे नरहरपंत दरवर्षी पंचांग छापत, त्यामुळे घरात शब्द त्यांचाच चाले. सासूबाईंच्या देखत ते म्हणाले, "सूनबाई, ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत खोलीत बसायचं. दुर्बीण काही पळून जात नाही."

"ग्रहण जातं ना, काका."

"जाऊ दे. बायकांनी ग्रहणाच्या भानगडीत पडूच नये."

"बरं, बसते. किती वाजल्यापासून?"

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. नरहरपंतांनी पंचांग उघडलं.

"ते राहू द्या," ऋता म्हणाली. "त्यातलं ग्रहणाचं गणित तीन वर्षं तुम्ही माझ्याकडून करून घेताय. तेव्हाही मी बाईच होते. आता तुम्ही स्वतः गणित मांडून वेळ सांगा. त्या मिनिटाला मी आत जाते."

नरहरपंतांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. बराच वेळ पुसला.

"वेळ काय, छापलीय तीच," ते म्हणाले.

"म्हणजे माझीच. मग ती बरोबर आली की नाही, हे मी दुर्बिणीतून बघणार. खोलीत बसणार नाही."

सासूबाईंनी पंतांकडे पाहिलं. पंतांनी खिडकीकडे पाहिलं.