नळाचे फडके

एकदा एका टेकडीवर एक आश्रम होता. तिथे मंत्रांऐवजी संगणकाचे प्रोग्राम शिकवत. विश्वास बसत नसेल तर राहू द्या, पण गोष्ट ऐका.

शिष्यांनी लिहिलेले सारे एक तपासनीस प्रोग्राम तपासत असे. ओळ प्रमाणाबाहेर लांबली की तो तत्काळ हटकायचा. नव्या आवृत्तीत मात्र त्याच्या कर्त्यांनी हा नियमच काढून टाकला. झाले! ओळी अशा लांबल्या, की सकाळी गुळगुळीत दाढी करून वाचायला बसलेल्याची दाढी ओळ संपेपर्यंत छातीवर रुळू लागली. कोणी कोणाचे लिहिलेले वाचेना. सगळ्यांनी मिळून आरंभलेले काम मोडण्याच्या बेतात आले.

ज्येष्ठ शिष्य तणतणत गुरुजींकडे गेला. "गुरुजी, मी तो तपासनीसच पार उसवतो आणि आपला नवा बनवतो. मग बसा म्हणावं बघत!"

गुरुजींनी त्याच्या हाती कुदळ दिली. "छान. त्याआधी एवढं कर. अंगणातल्या नळाला गाळ येतोय. पाइप खणत थेट धरणापर्यंत जा आणि नवं धरण बांधूनच ये."

शिष्य आज्ञाधारक. दुपारी कसाबसा कुंपणापाशी पोचला. हातांना फोड आले, धरण डोंगरापलीकडेच. वळून पाहतो तो काय, गुरुजी नळाच्या तोंडाला जुन्या धोतराचे फडके बांधून नितळ पाण्याची कळशी भरताहेत!

"गुरुजी! हे सकाळीच सांगितलं असतंत तर?"

"सकाळी तू ऐकलं असतंस?" गुरुजी हसले. "अरे, धरण साऱ्या पंचक्रोशीचं. ते एकेकाची आवड कुठवर सांभाळणार? पण धरणवाल्यांनी नळाला तोंड ठेवलंय ना? तुझ्या तपासनिसालाही प्लगइन, म्हणजे आपला छोटा प्रोग्राम, वरून जोडायची सोय आहे. आपला नियम तिथे बांध. मात्र ध्यानात ठेव, फडकं आपलं, तेव्हा धुवायचंही आपणच."

शिष्याने छोटेसे प्लगइन लिहून जोडले. सारे श्वास रोखून भोवती जमले. तपासनिसाने क्षणात पहिली चूक पकडली. भलीमोठी लांब ओळ, आणि तीही खुद्द त्या नव्या प्लगइनमधली!

आश्रम खो खो हसला. सर्वांत मोठ्याने शिष्य स्वतः. त्याने ती ओळ तोडून नीट केली. बाकीचेही आपापल्या ओळी आवरून एकमेकांचे वाचू लागले.

मग कोणी न सांगता तो अंगणात गेला, नळाचे फडके सोडले आणि धुवायला बसला.