हवेत थांबलेल्या अक्षता

“फोटोत अक्षता हवेत दिसल्या पाहिजेत!” हरणगावचे सर्जेराव महाराज म्हणाले. “डोक्यावर पडलेल्या नकोत, पाटाखाली सांडलेल्या नकोत. वरून पडताना!”

दाजीबा चितारी उभ्या जागी घामाघूम झाला. राजकन्येच्या लग्नाचे फोटो काढायला महाराजांनी त्याला मोठ्या हौसेनं ठरवलं होतं. लग्न सकाळीच लागलं, फोटोही झकास निघाला. नवरा-नवरी, मुंडावळ्या, मामा, भटजी, सगळं जिथल्या तिथं. फक्त अक्षता नव्हत्या.

आता एवढं कुणाच्या लक्षात आलं असतं? पण व्याही पडले तांबूळवाडीचे जहागीरदार! पाट डुगडुगतो म्हणून परवा रुसले, मठ्ठ्यात कोथिंबीर कमी म्हणून काल रुसले. आज फोटो हातात घेतला आणि मान फिरवली. “अक्षताच नाहीत यात. उद्या कुणी म्हणेल, लग्न लागलंच नाही! धड फोटो मिळेपर्यंत आमची वरात हलायची नाही.”

मुलीचा बाप राजा असला तरी मुलीचाच बाप. महाराजांनी व्याह्यांपुढे मान डोलावली आणि सगळा राग दाजीबावर काढला.

“सरकार,” दाजीबा हात जोडून म्हणाला, “सात आकडे मोजेपर्यंत हा कॅमेरा उघडा ठेवावा लागतो. तेवढा वेळ जो हलत नाही तोच फोटोत उमटतो. अक्षता एका आकड्यात खाली येतात.”

“मग त्यांना सात आकडे थांबायला सांग.”

“अक्षतांना?”

“तुला सांगता येत नसेल तर कॅमेरा सरकारजमा, आणि तू संस्थानाबाहेर. उद्या दुपारपर्यंत मुदत!”

झालं. राजहट्टापुढे कोण बोलणार? हा कॅमेरा घेण्यासाठी दाजीबानं वडिलोपार्जित आमराई विकली होती. तो गेला असता तर पोटापाण्याचं साधनच गेलं असतं. बिचारा घरी आला तो ओसरीवर मटकन बसला.

त्याची बायको सगुणाबाई. हलव्याचे दागिने करावेत ते तिनंच. संक्रांतीला गावातल्या एकूण एक नव्या सुनेच्या अंगावर तिच्या हातचा हार, बांगड्या, बिंदी. बोटांइतकीच जीभही चलाख.

“अहो, तोंड का पाडलंय? व्याह्यांचं वारं लागलं की काय?”

दाजीबानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “अक्षता पडायला हव्यात, की पडताना दिसायला?”

“दिसायला.”

“मग एवढ्यासाठी कोण रडतं? उठा, हातपाय धुवा, जेवा. आणि जेवल्यावर मला काळं रेशीम आणून द्या.”

दाजीबा रेशीम घेऊन आला तेव्हा ती फडताळातला हलव्याचा डबा उघडून बसली होती. संक्रांत होऊन महिनाच झालेला, डबा अजून निम्मा भरलेला. पांढरेशुभ्र, टपोरे दाणे. काळ्या दोऱ्याला गाठ मारायची, गाठीत दाणा अडकवायचा, वीतभर सोडून पुढची गाठ. दिवेलागणीपर्यंत साठ सर तयार झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मांडवात पाठीमागे काळा पडदा लावून घेतला. वारा यायला नको म्हणून चारी बाजूंनी कनाती ओढून घेतल्या आणि वरच्या वाशांना सर बांधले. काळ्यावर काळा दोरा दिसेना. नुसते पांढरे दाणे, नवरा-नवरीच्या डोक्यावर, खांद्यापाशी, जणू कुणी आत्ताच मूठ उधळली! महाराज बघतच राहिले.

“बसा, सगळे बसा!” दाजीबाला आता उत्साह आवरेना. “नीट समोर बघा. हसा जरा!”

सगळे हसले. व्याहीसुद्धा हसले, चांगले दात दाखवून. पण त्यांना चैन कुठलं पडायला? नाकासमोरचा एक दाणा त्यांनी हळूच तोडला, तोंडात टाकला आणि ताडकन उठले.

“हा तर हलवा! महाराज, फसवणूक आहे ही! खऱ्या लग्नाच्या फोटोत खोट्या अक्षता? आम्ही नाही चालवून घेणार.”

महाराजांचा चेहरा उतरला. “दाजीबा, काय हे?”

सगुणाबाई पदर सावरत पुढे झाली.

“सरकार, अक्षता खोट्या आहेत, कबूल. आत्ता सोडवते. पण मग फोटोत सगळंच खरं यायला हवं. जहागीरदारसाहेब तीन दिवस रुसून बसलेत, अख्ख्या मांडवानं पाहिलंय. मघाशी आमच्या ह्यांनी ‘हसा’ म्हटलं आणि ते लगेच हसले. आधी त्यांनी ते हसू काढून ठेवावं, मग मी माझा हलवा काढते!”

नवरीनं मुंडावळ्यांआडून ओठ घट्ट दाबून धरले. व्याह्यांची तर पुरती पंचाईत झाली. रुसावं तर बाई खरी ठरते, हसावं तरी बाईच खरी! शेवटी त्यांनी हलवा गिळला आणि निमूट खाली बसले.

तेवढ्यात महाराजांचा बांध फुटला. तीन दिवसांचं साठलेलं सगळं हसू एकदम बाहेर आलं. फेटा सुटला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेनात. त्यांचं आवरेपर्यंत दाजीबाला पाव तास थांबावं लागलं. मग सात आकडे मोजून फोटो निघाला. दुपारच्या आत ओला फोटो हातात पडला. दाणा न् दाणा हवेत! वरात वाजतगाजत हलली.

महाराजांनी दाजीबाला दरबारचा फोटोग्राफर नेमलं. सगुणाबाईच्या हातात सोन्याच्या पाटल्या घातल्या आणि म्हणाले, “लेकीच्या पहिल्या संक्रांतीचे दागिने तूच करायचेस हो.”

“करीन की, सरकार.”

“आणि हे बघ,” महाराजांना पुन्हा हसू फुटलं, “व्याह्यांना संक्रांतीपर्यंत थांबवू नकोस. त्यांच्याकडे आजच डबाभर हलवा धाड!”